मागच्या रांगेतली हिरवी शेव्हेल

नकाशात हातमोज्यासारख्या दिसणाऱ्या मिशिगन राज्याच्या अंगठ्यावर, जिथे ह्युरन सरोवरावरचा वारा घेवड्याच्या रानांतून येऊन सरळ हाडांत शिरतो, तिथे आर्लीन सोब्चाकचं कोठार उभं आहे. तिच्या वडिलांच्या वेळी त्यात पांढरा घेवडा भरलेला असायचा. आता हिवाळाभर त्यात गाड्या झोपतात.

त्या साध्यासुध्या गाड्या नव्हेत. आर्लीनच्या तरुणपणी निघालेल्या, पोटात गरजेपेक्षा दुप्पट इंजिन घातलेल्या दांडग्या गाड्या. त्यांचा आवाज दोन शेतं ओलांडून आधी पोहोचतो आणि गाडी मागाहून दिसते. ज्यांच्या त्या गाड्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी फ्लिंटला नाहीतर सॅगिनॉला कारखान्यात उभं राहून त्या स्वतःच जोडलेल्या. हिवाळ्यात तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खातं. म्हणून शरदात बीटच्या काढणीच्या ट्रकांनी रस्त्यावर चिखल सांडायला सुरुवात केली, की हे म्हातारे आपापली गाडी घेऊन आर्लीनच्या दारात हजर.

मग तिचं काम सुरू होई. टाकी काठोकाठ भरून घ्यायची. बॅटरी सोडवून भिंतीतल्या फळीवर मांडायची. हातब्रेक ओढायचा नाही, नाहीतर वसंतात चाक धरून बसतं. त्याऐवजी चाकाखाली वीट. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत तारेच्या घासणीचा बोळा. वरून कापडी खोळ. मग ती प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून क्षणभर थांबे. का थांबतेस, असं कुणी विचारलं तर म्हणे, "निजवताना लेकराच्या कपाळावर हात ठेवत नाही का आपण?"

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागवणी. चर्च सुटलं की सगळे कोठारापाशी येत. कुणी घरचे सॉसेज आणी, कुणी आंबवलेल्या कोबीचं भांडं, आणि कॉफीचा पिंप आर्लीनचा. नळ्यांतले बोळे निघत, बॅटऱ्या लागत, आणि ज्याची गाडी सगळ्यांत शेवटी आत आली तो सगळ्यांत आधी किल्ली फिरवी. मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. सगळ्या सुरू झाल्या की कोठाराचे पत्रे थरथरत आणि लांबच्या शेतांतली कुत्री कान पाडून घराखाली जाऊन बसत.

हिवाळ्यात एखादा म्हातारा गेला, तर त्याच्या गाडीबाबत एक रीत होती. कुणी लिहिलेली नव्हती, पण मोडायची छाती कुणाला नव्हती. मेलेल्या माणसाची गाडी परक्याने सुरू करायची नाही. ढकलायची. चौघांनी खांदे लावून ती बाहेर आणायची, पुसायची आणि परत आत नेऊन सगळ्यांत मागे लावायची. तिथे तिने थांबायचं. त्याच्या रक्ताचं कुणी यावं, त्याच्या जागी बसावं, आपल्या हाताने किल्ली फिरवावी. मग ती गाडी सुटली. मग ठेवा, विका, काय हवं ते करा.

सुरुवातीला मागच्या रांगेत एखाददुसरी गाडी असे. मुलगे येत, डोळे पुसत, घेऊन जात. पुढे मुलगे येईनासे झाले. नातवंडं तर फोनही उचलीनात. मागची रांग वाढत वाढत कोठाराच्या मध्यावर आली आणि पुढची रांग दरसाल आखडत गेली. खोळींखालचे ते लांबट आकार अंधुक उजेडात असे दिसत, की आर्लीन तिथून जाताना उगाचच पावलं हलकी टाके.

त्याच रांगेत, भिंतीला लागून, तिच्या नवऱ्याची, नॉर्बची, हिरवी शेव्हेल गाडी होती.

आर्लीन घेवड्यातच वाढली. शाळा सुटल्यावर गावच्या गोदामात सरकत्या पट्ट्यापाशी बसून बायकांबरोबर खडे आणि डागी दाणे वेचायची. अजूनही ती समोर पडलेल्या कुठल्याही गोष्टीतून खराब तेवढं आधी वेचते, माणसांतूनसुद्धा. नॉर्ब सोब्चाक तिला डागी वाटला नाही. उंच, दारातून वाकून येणारा, कमी बोलणारा. तो सॅगिनॉच्या ओतशाळेत इंजिनांचं लोखंड ओतायचा. सत्तर साली त्याने शेव्हेल घेतली तेव्हा तिच्याखाली आडवा होऊन, इंजिनाच्या पोटावर ओतकामाची तारीख कोरलेली असते ती त्याने वाचली, आणि वर येऊन म्हणाला, "आर्लीन, ही माझी पाळी होती. हे लोखंड माझ्या हातचं आहे."

त्या दिवसापासून ती गाडी म्हणजे देवघर झाली. सीटांवर प्लॅस्टिक. आत खाणं नाही, पिणं नाही. मुलाला, डुएनला, ती गाडी फक्त खिडकीतून बघायची परवानगी. चालवणारा डावीकडे, त्याच्या शेजारी उजवीकडे आर्लीन बसे ती बूट काढून. बूट कागदी पिशवीत आणि पिशवी मांडीवर. ती जरा हलली आणि प्लॅस्टिक कुरकुरलं, की नॉर्ब जिभेने 'च्च' करी. एवढंच. रागावायचा नाही. पण ते च्च तिच्या पाठीच्या कण्याला ओळखीचं झालं होतं. गाडी चालवायला मात्र त्याने तिला कधी दिली नाही आणि तिनेही कधी मागितली नाही.

नात डेलेनी सहा वर्षांची असताना जॅमने बरबटलेल्या हातांनी गाडीत चढली होती. पोंच्कीचा, म्हणजे जॅम भरलेल्या पोलिश डोनटचा, चतकोर तोंडात, बाकीचा सीटवर. नॉर्ब असा ओरडला, की पोर घेवड्याच्या रानात पळाली आणि संध्याकाळपर्यंत सापडली नाही. त्यानंतर ती आजीला बुशा म्हणत बिलगे, पण आजोबांना जाजा म्हणे तेव्हा दोन पावलं लांबून म्हणे.

असे ते सगळेच होते. त्या म्हाताऱ्यांनी आपल्या गाड्या इतक्या जपल्या, इतक्या जपल्या, की घरातल्या एकाही पोराची एकही आठवण त्या गाडीच्या आत घडली नाही.

नॉर्ब गेला त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपार होती, बाहेर बर्फ भुरभुरत होता. उंदरांनी काही कुरतडलंय का पाहायला आर्लीनने शेव्हेलची खोळ वर केली. डावीकडच्या, चालवणाऱ्याच्या काचेवर आतून धुकं होतं. सगळ्या काचेवर नाही. माणसाच्या तोंडासमोर येईल तेवढंच, बशीएवढं गोल. कडेकडेने गोठून त्याच्या पांढऱ्या शिरा झालेल्या. ती बघत राहिली. त्या गोलाची कड किंचित पसरली, मग आकसली. मग पसरली.

तिने खोळ खाली सोडली. मग काय वाटलं कोण जाणे, शेजारच्या गाडीची वर केली. मग त्यापलीकडची. मागच्या रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या डाव्या काचेवर तेवढाच गोल होता. पुढच्या रांगेत, जिथे मालक जिवंत होते, तिथल्या काचा कोरड्या.

तिने व्हर्जिल टाइकमनला सांगितलं. व्हर्जिल नॉर्बचा ओतशाळेतला जोडीदार, शेजारच्या शेतावर राहणारा, जिभेने तिखट.

"ओल गं ती," तो म्हणाला. "खाली सिमेंट आहे. सिमेंट घाम सोडतं."

"फक्त मेलेल्यांच्याच गाडीखाली?"

"सिमेंटला तरी काय कळतं कोण मेलंय!" असं म्हणून तो हसला खरा, पण त्यानंतर कोठाराच्या मागच्या अंगाला तो कधी गेला नाही. बॅटरी हवी असली की दारातूनच हाक मारी.

पुढच्या जागवणीला बे सिटीहून एल्डन रापची मुलगी आली; त्याची गाडी मागच्या रांगेत होती. नर्स होती, रात्रपाळी करून तशीच आलेली, पांढऱ्या कपड्यांत. तिने बापाची गाडी सुरू केली मात्र, आणि आर्लीनने पाहिलं: डाव्या काचेवरचा गोल आतून कुणी बाहीने पुसावा तसा गेला. इंजिन अजून थंडच होतं. मुलगी कारण नसताना रडायला लागली आणि मग हसली. म्हणाली, एकदम हलकं वाटलं. गाडी तिने पुढच्याच आठवड्यात विकून टाकली.

तेव्हा आर्लीनला उलगडलं की हे सगळे आत बसून वाट बघताहेत. आणि नॉर्बही.

त्यानंतर तिला एकच ध्यास लागला. आपण डोळे मिटायच्या आत नॉर्बच्या रक्ताच्या कुणीतरी ती किल्ली फिरवली पाहिजे. बायकोचं रक्त वेगळं. तिचा हात रीतीत बसत नव्हता. रक्ताची माणसं दोनच, डुएन आणि त्याची मुलगी डेलेनी. डुएन ॲरिझोनात. फोनवर तो एकच पालुपद म्हणायचा, "मा, विकून टाक ना. ती गाडी बघितली की माझं अजून पोट दुखतं."

घेणाराही दरवर्षी येत होता. क्रेग हॅल्डेन, लिलावासाठी गाड्या जमवणारा, तांबूस दाढीचा, बोलायला मोकळा माणूस. एका फेब्रुवारीत तो आला तेव्हा बूट झटकत स्वयंपाकघरात बसला.

"सोब्चाकबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण उशीर करताय तुम्ही. या गाड्या कोण घेतं ठाऊक आहे? लहानपणी जो ज्या गाडीमागे धावला, तो म्हातारपणी ती गाडी घेतो. तुमच्या पिढीतले यांच्यामागे धावले. ते आता काठी घेऊन चालतात. आजची पोरं कशामागे धावली सांगा बघू?"

"तुम्हीच सांगा."

"फोनमागे! उद्या म्हातारी झाली की जुने फोन लिलावात घेतील, बघा." तो हसला. मग कपात बघत म्हणाला, "दहा वर्षांनी या गाड्या फुकट दिल्या तरी कुणी नेणार नाही. खरं सांगतो. मला तर रात्री—" आणि तो थांबला. "तुमच्या कोठारात शिरलं की मला कसंतरी होतं हो. कुणीतरी आपल्याला जागा द्यायला सरकेल असं वाटतं."

आर्लीनने त्याच्याकडे नीट पाहिलं. डागी दाणा नव्हता तो. "मे महिन्यापर्यंत थांबा," ती म्हणाली.

तिने मुदत मागितली त्याला कारण होतं. त्याच हिवाळ्यात, नाताळानंतर, शेव्हेलमधलं धुकं हललं होतं. डावी काच कोरडी पडली होती आणि तो बशीएवढा गोल उजव्या काचेवर आला होता.

उजवी जागा तिची. पन्नास वर्षं ती तिथे बूट मांडीवर घेऊन बसलेली. त्या जागी आता श्वास उमटत होता, म्हणजे अर्थ सरळ होता. मला बोलावणं आलं, असं ती शांतपणे मनाशी म्हणाली. तिने निळा पोशाख इस्त्री करून कपाटाच्या दारावर टांगला. पाद्र्याला सांगून ठेवलं की माझ्या वेळी तो लांबलचक ऑर्गन नको. पण एक काळजी मात्र काही केल्या खाली बसेना. मी गेले की त्या कोठारात कोण येणार? आम्ही दोघं तिथे शेजारी शेजारी बसून राहू, प्लॅस्टिकवर, च्च ऐकत, आणि किल्ली फिरवायला जगाच्या अंतापर्यंत कुणी येणार नाही.

मार्चमध्ये तिने डेलेनीला बोलावून घेतलं.

डेलेनी चोवीस वर्षांची, बुटकी, दंडाने घट्ट. घेवड्याच्या रानांत उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांवर चढून त्यांची वीज दुरुस्त करायची. जेवताना तिने तीनदा वाढून घेतलं आणि मग बशी सारून म्हणाली, "बुशा, खरं खरं सांग. आजारी आहेस का?"

"नाही. तुला गाडी हवी का, ते विचारायला बोलावलं."

"जाजाची?"

"दुसरी कुठली आहे माझ्याकडे?"

"हवी," ती म्हणाली.

आर्लीनच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"पण तिचा घाट हवा, बुशा. तसा घाट आता कुणी करत नाही. इंजिन नको. मी ते काढणार आणि विजेची मोटर बसवणार."

"लोखंड काढणार?"

"ते नुसतं ओरडतं गं. जाजासारखं. त्या गाडीची माझी एकच आठवण आहे, तुला ठाऊक आहे कुठली."

आर्लीन खिडकीबाहेर पाहत राहिली. रानातल्या बर्फाला वितळून काळे ठिपके पडले होते. अखेर ती म्हणाली, "एकदा सुरू कर. जागवणीच्या दिवशी, तुझ्या हाताने. मग लोखंड काढ, विकून खा, माझं काही म्हणणं नाही."

"मला गिअरची गाडी चालवता येत नाही."

"मला कुठलीच येत नाही. शिकू."

व्हर्जिलला हे कळलं तेव्हा तो दारातच उभा राहून तडकला. "विजेची मोटर! त्यापेक्षा नॉर्बला थडग्यातून काढून त्याच्या अंगात बल्ब लावा ना! आर्लीन, त्याचा जीव त्या लोखंडात आहे. त्याने ओतलंय ते."

"जीव कशात आहे ते तुला काय माहीत? तू तर मागच्या रांगेत जातही नाहीस."

व्हर्जिलने टोपी काढली, परत घातली, आणि निघून गेला.

जागवणीला ढग खाली आले होते. सरोवरावरून धुकं सरकत येत होतं आणि पवनचक्क्यांची नुसती पाती मधूनच दिसत होती, खांब नाहीत. पुढच्या रांगेतल्या गाड्या एकेक करून निघाल्या. पूर्वीसारखे पत्रे थरथरले नाहीत. तेवढ्या गाड्याच उरल्या नव्हत्या. मग माणसं कॉफीचे कप घेऊन कोठाराच्या तोंडाशी जमली, कारण सोब्चाकची नात आली होती.

आर्लीनने खोळ ओढली. उजव्या काचेवर तो गोल होता, इतक्या जणांसमोर, भर दिवसा. एकाने घसा खाकरला.

डेलेनीने डावं दार उघडलं आणि चिखलाच्या बुटांनिशी आत बसली. प्लॅस्टिक कुरकुरलं. व्हर्जिलने श्वास आत ओढलेला सगळ्यांना ऐकू आला.

"बुशा," डेलेनी आतून म्हणाली, "सीट कुणी पुढे घेतली?"

"काय?"

"सीट. माझे पाय बरोब्बर पोचतात. जाजा ताडासारखा होता ना? त्याचे गुडघे छातीला लागले असते इथे."

आर्लीन पुढे आली. नॉर्ब गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. किल्ली तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होती. सीट सरकवायचा दांडा खाली असतो, तो गंजून घट्ट झाला होता. तिने हात घालून पाहिला, हलला नाही. पण रुळावर मागे, जिथे सीट पूर्वी असायची, तिथे घासल्याची चकचकीत ताजी रेघ होती.

ती तशीच वाकून राहिली. मग तिने मान वळवून उजव्या काचेकडे पाहिलं. गोल पसरत होता, आकसत होता.

माझ्यासाठी नव्हे तर. त्या पोरीसाठी. तो सरकून बसला होता.

"काय झालं बुशा? पांढरी पडलीस."

"काही नाही. पायाने पेडल दोनदा दाब आणि सोड. हां. आता किल्ली."

इंजिन खोकलं. परत खोकलं. गाडी हादरली, मागून फट्‌ असा आवाज झाला, आणि तारेचा बोळा गोळीसारखा सुटून व्हर्जिलच्या नडगीवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आर्लीन बोळा काढायला विसरली होती.

"मारतेस का काय गं मला!" व्हर्जिल एका पायावर नाचत ओरडला, आणि त्या गंभीर घोळक्यात हसू फुटलं. तेवढ्यात दुसरा बोळाही उडाला, आणि हिरव्या शेव्हेलने आवाज धरला. खोल, जमिनीतून येणारा. व्हर्जिल नडगी विसरला. त्याने टोपी छातीशी धरली.

आर्लीन मात्र काच बघत होती. रीतीप्रमाणे आता ती पुसली जायला हवी होती. इंजिन तापलं, धुराचा निळा रंग गेला, बाकी सगळ्या काचा लख्ख झाल्या. उजवीवरचा गोल गेला नाही.

"ये ना बुशा, बस!" डेलेनी ओरडली. "सरोवरापर्यंत जाऊ."

आर्लीन वळसा घालून उजव्या दाराशी गेली. तिने मुठीला हात लावला. मूठ थंड नव्हती. तिने हात काढून घेतला.

"जागा नाही," ती म्हणाली.

"जागा नाही म्हणजे? रिकामी तर आहे!"

"मी मागे बसते."

मागच्या सीटवर त्या गाडीच्या आयुष्यात कुणी बसलं नव्हतं. आर्लीन बूट न काढता आत शिरली. गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा बेडकासारखी उडी मारून कोठाराबाहेर आली आणि बीटच्या रस्त्याला लागली. डेलेनी दात ओठ खाऊन गिअर टाकत होती आणि दरवेळी आतून चक्कीत खडे भरडल्यासारखा आवाज येत होता.

अर्ध्या वाटेवर डेलेनीने आरशातून मागे पाहिलं. "बुशा, तू च्च केलंस का आत्ता?"

"नाही गं."

"मला ऐकू आलं."

"रस्त्याकडे बघ."

सरोवराच्या कडेला गाडी थांबली. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसतं वाजत होतं. डेलेनी घामाने भिजली होती आणि तिचे डोळे चमकत होते. ती म्हणाली, "आता कळलं लोक याच्यामागे का वेडे होतात ते." मग स्टिअरिंगवर हात फिरवत, "तरी मी ते काढणार."

"काढ ना," आर्लीन म्हणाली. तिची नजर पुढच्या उजव्या सीटच्या पाठीवर होती. प्लॅस्टिक मधोमध दबलेलं होतं.

सप्टेंबरात डेलेनीने शब्द पाळला. लोखंडी इंजिन तिने आणून एका चौकटीवर बसवून कोठारात ठेवलं. "तुझ्यासाठी, बुशा." व्हर्जिल येऊन त्यावर हात थोपटून गेला. म्हणाला, "गाडी गेली तर गेली. नॉर्ब इथेच राहिला, बघ."

तो गेल्यावर आर्लीनने इंजिनावर तळहात ठेवला. थंड होतं. दुसऱ्या दिवशी ठेवला, तेव्हाही थंड. हिवाळा लागला, बर्फाने पत्रे वाकले, ती रोज दुपारी जाऊन हात ठेवे आणि प्रत्येक वेळी ते निव्वळ लोखंड असे, विहिरीच्या कठड्यासारखं. भिंतीलगतची शेव्हेलची जागा मोकळी होती. मागच्या रांगेतल्या बाकीच्या खोळींखाली अजून ते गोल उमटत होते. त्यांची पोरं अजून आली नव्हती. पण नॉर्ब कोठारात नव्हता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आर्लीन खरोखर एकटी होती. तिने निळा पोशाख परत कपाटाच्या आत टांगला.

जानेवारीत फोन आला.

"बुशा, गाडीची उजवी काच बघ ना. आतून धुकं धरते. हीटर लावला, पुसलं, रबर बदललं. परत तिथेच. बशीएवढं."

"राहू दे. पुसू नकोस."

"मला काही त्रास नाही त्याचा. पण दुसरं एक आहे. मोटर बसवल्यापासून गाडीला आवाजच नाही ना. त्यामुळे ऐकू येतं."

आर्लीनने खुर्ची ओढली आणि बसली. "काय ऐकू येतं?"

"च्च."

"गिअर चुकीचा टाकत असशील."

"बुशा, आता तिला गिअरच नाहीत."

"मग कशाला करतो?"

'कोण' असं डेलेनीने विचारलं नाही. "बूट," ती म्हणाली. "मी चक्कीवरून उतरून तशीच बसते, चिखलाची. दार लावलं की पहिलं च्च तेच."

स्वयंपाकघराच्या खिडकीवर बर्फ आपटत होता. आर्लीनने आपल्या पायांकडे पाहिलं, लोकरी मोज्यांतल्या, नीट जोडून ठेवलेल्या.

"मग काढतेस का बूट?"

"छे! थंडी किती आहे इथे," डेलेनी म्हणाली. "मी त्याला सांगितलं, बसायचं तर असंच बसावं लागेल. दोन दिवस झाले, जरा कमी करतो."